सुईण सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते. डोक्यावरून पदर, कपाळी ठसठशीत कुंकू आणि सभोवती पाट्या घेऊन बसलेल्या मुली. ३ जानेवारीला या चित्राला हार घातला जातो, अंगावर शेणमाती झेलीत शाळेला जाणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली जाते आणि सभा संपते. ही गोष्ट खरी आहे व ती सांगितलीही पाहिजे. परंतु याच बाईंनी पंचविशीतिशीनंतर आणखी एक काम हाती घेतले व ते किमान वीस वर्षे चालविले. भाषणांत त्याला जेमतेम एक वाक्य मिळते. ते काम सुईणीचे होते.

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या मुलखात हा शब्द दोन भाषांत चालतो. मराठी घरांत सुईण, कानडी घरांत सूलगित्ती. कानडी विभागातील आपल्या मित्रमैत्रिणींना तुमकूर जिल्ह्यातील पावगड भागातल्या सूलगित्ती नरसम्मा ठाऊक असतील. हजारो बाळंतपणे मोबदल्याविना केलेल्या या बाईंना २०१८ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या वारल्या. सुईणीचा सन्मान होण्याची ही घटना इतकी नवलाची वाटली, यावरूनच या कामाला आपल्याकडे काय किंमत होती ते कळते. अडलेल्या रात्री तिचे पाय धरायचे आणि बारशाच्या दिवशी तिला ओटीखाली बसवायचे, अशीच रीत होती. सोहेर हाताळणारी म्हणून तिचा विटाळ मानला जाई. सावित्रीबाईंनी हे काम उचलले तेव्हा त्या शिकल्यासवरलेल्या, शाळा चालविणाऱ्या बाई होत्या, हे ध्यानात ठेवूनच पुढील हकीगत वाचावी.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्या पुण्याच्या जोतीराव फुल्यांच्या घरी सून म्हणून आल्या. जोतीराव तेरा वर्षांचे होते. जोतीरावांना लहानाचे मोठे करणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर यांचा या मुलीला मोठा आधार झाला, आणि नवऱ्याने तिला अक्षर शिकविले. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सासऱ्यांनी लोकांच्या धाकाने १८४९ साली दोघांना घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी गंज पेठेत आसरा दिला आणि फातिमा शेख अध्यापनात सोबतीला आल्या. हा सगळा भाग पाठ्यपुस्तकांतून येतो, म्हणून येथे तो लांबवीत नाही.

मुली शिकू लागल्या तरी त्या मुलींच्या आया, मावश्या, आत्या यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. विशेषतः ब्राह्मण घरांतील विधवांचे हाल पाहवत नव्हते. लग्न आठव्या-नवव्या वर्षी, नवरा कधीकधी बापाच्या वयाचा. तो गेला की केस उतरवून, लाल अलवण नेसवून मुलीला स्वयंपाकघरात लोटायचे. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला खरा, पण कायद्याने परवानगी दिली तरी नवरामुलगा कोण देणार? अशा बाईवर घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाची नजर पडली आणि दिवस गेले, तर तिला तीनच वाटा होत्या. गर्भ पाडायचा, जन्मलेले मूल मारायचे किंवा स्वतः विहीर जवळ करायची. पुरुषाला मात्र कुठलीच वाट शोधावी लागत नसे. तो संध्येला बसायला मोकळा.

जोतीरावांचे एक मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. चांगल्या घरची, नेकीने वागणारी. कित्येक महिने तिने तेथे बिनबोभाट काम केले. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. आरंभी तिने दाद दिली नाही, पण अखेर ती फसली व तिला दिवस गेले. मग त्याच माणसाच्या सांगण्यावरून तिने नाना प्रकारची विषारी औषधे घेऊन पाहिली. गर्भ पडला नाही. नऊ महिने भरले आणि मुलगा झाला. लोकांत अब्रू जाईल या एका भीतीने तिने सुरीने त्या मुलाचा जीव घेतला व प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी पोलिसांनी संशयावरून तिला धरले. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला उभा राहिला.

हे प्रकरण कादंबरीत शोभावे असे आहे. विहिरीत प्रेत, घरात मुक्याने वावरणारी बाई, शेजारी प्रतिष्ठित माणूस, आणि गुन्हेगार कोण याचा शोध. पण कोर्टाच्या दृष्टीने त्यात शोधण्यासारखे फारसे नव्हते. भारतीय दंडसंहिता १८६२ च्या आरंभापासून नुकतीच अमलात आली होती आणि खुनाला तिच्यात दोनच शिक्षा होत्या, फाशी किंवा जन्मठेपेचे काळे पाणी. काशीबाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने तिला फसविले, जो औषधे घे म्हणून सांगत होता, त्याचे नाव आरोपीच्या पिंजऱ्यात आले नाही. सुरी कोणाच्या हातात होती एवढेच कायद्याने विचारले. तो हात तिथवर कोणी नेला हे विचारायला त्यात जागाच नव्हती.

फुले दांपत्याने हा दुसरा प्रश्न विचारला, आणि त्यांचे उत्तर पाहण्यासारखे आहे. काशीबाई सुटणार नव्हती. गुन्हा तर घडलेलाच होता. तेव्हा त्यांनी पुढल्या काशीबाईसाठी घराचे दार उघडले. खटला संपताच, १८६३ साली, गंज पेठेतील आपल्याच घराच्या आवारात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. जाहिराती छापल्या आणि ब्राह्मणवस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींना डकविल्या. विधवांनी येथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा येथेच ठेवावे, त्याचा सांभाळ होईल, असा त्यांचा मजकूर होता. पुण्यासारख्या शहरात भर रस्त्यावर अशी जाहिरात लावणे म्हणजे काय धाडस होते! जे सर्वांना ठाऊक असून कोणी बोलत नव्हते ते छापून भिंतीवर लावले, हाच अनेकांना मोठा गुन्हा वाटला असेल.

जाहिरातीवर जोतीरावांचे नाव, आणि आजही या कामाचे श्रेय पुष्कळदा त्यांनाच दिले जाते. पण थोडा विचार करावा. जोतीराव कंत्राटाची कामे करीत, खडकवासल्याच्या धरणासारख्या ठिकाणी त्यांचा दिवस जाई, शिवाय सभा, लिखाण, माणसांची वर्दळ. रात्री-बेरात्री पदराआड तोंड लपवून दारात उभ्या राहिलेल्या बाईला आत घेणारे, कळा देणाऱ्या बाईपाशी बसणारे, नाळ कापणारे हात सावित्रीबाईंचे होते. पुण्यातील ससून रुग्णालयसुद्धा १८६७ साली सुरू झाले, आणि अशी बाई तेथे गेली असती तरी नाव-गाव सांगावे लागलेच असते. येथे नाव विचारले जात नसे. आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणवत नाही, पण सांगितली पाहिजे. माळ्याच्या घरचे पाणी जिला चालत नव्हते, ती ब्राह्मण बाई त्याच घरातल्या बाजेवर बाळंत होऊन तेथलीच पेज पीत होती. सोवळ्याओवळ्याची एवढी थोर व्यवस्था एका बाळंतपणाने किती सहज बाजूला सारली गेली!

आता एक आकडा. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली आणि सरकारने जाणत्यांची मते मागविली. जोतीरावांनी डिसेंबरात आपले मत लिहून पाठविले, त्यात काशीबाईची वर दिलेली हकीगत आहे आणि या गृहाचा हिशेबही आहे. तोवर ३५ गर्भवती विधवा येथे येऊन बाळंत झाल्या होत्या. हा ३५ चा आकडा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पुढचा मात्र गाळतो. त्या ३५ मुलांपैकी जगली पाच. तीस गेली. पोटातले लपविण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच जायबंदी झाली होती, असे कारण जोतीरावांनी नमूद केले आहे.

या आकड्यापाशी मला थांबावेसे वाटते. सुईणीचे काम म्हणजे आनंदाचे काम, असे आपण समजतो. मूल रडले की तिने हसायचे, घरच्यांनी तिला खण-नारळ द्यायचे. सावित्रीबाईंच्या वाट्याला वीसएक वर्षांत हे हसू फार थोड्या वेळा आले. बहुतेक वेळी बाई सुटायची आणि हातात यायचे ते मुळातच मोडलेले मूल. ते किती तास, किती दिवस जगेल याचा अंदाज अनुभवी हाताला आला नसेल असे म्हणता येत नाही. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते, हेही विसरू नये. तरी दार बंद झाले नाही. पुण्यात येणारी प्रत्येक पुढची बाई बहुधा तीच औषधे घेऊन झाल्यावर, सर्व वाटा संपल्यावर येत होती. आधी आली असती तर मूल वाचले असते. म्हणजे या गृहाची खरी लढाई उशिराशी होती. आणि उशीर का होई? लाजेमुळे. जाहिरात भिंतीवर लावणे का आवश्यक होते, ते या आकड्यावरून उलगडते.

फुल्यांचे हे गृह एकाकी राहिले नाही. आपल्या भागातून आषाढी-कार्तिकीला ज्या पंढरपूरला दिंड्या जातात, तेथेच १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाचा बालकाश्रम निघाला, कारण चंद्रभागेच्या तीर्थावर टाकून दिलेली मुले सापडत. पण खटल्यांचे चक्र थांबले नव्हते. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशी सांगण्यात आली व नंतर ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी चिडून १८८२ साली स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक लिहिले. त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्या थोड्या लोकांत जोतीराव होते. काशीबाईचा खटला त्यांच्या घरात इतकी वर्षे जिवंत होता, त्यांना ही बाजू परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

सावित्रीबाईंच्या न्यायबुद्धीचा आणखी एक प्रसंग त्यांच्या पत्रातून कळतो. ऑगस्ट १८६८ मध्ये त्या माहेरी नायगावला होत्या. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरे. त्याचे व सारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले आणि तिला सहा महिने झाले. गावकऱ्यांनी दोघांना पकडले, मारीत मारीत गावातून मिरवीत नेले, आणि जीव घेण्याचाच बेत होता. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या, मध्ये पडल्या आणि खून केल्यास इंग्रजी कायदा काय करील याचा धाक घातला. जमाव ओसरला. दोघांनी गाव सोडावे एवढ्यावर तडजोड झाली, आणि बाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.

हा प्रसंग बसवकल्याणच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी सहज वाचून सोडू नये. बाराव्या शतकात त्याच कल्याणात हरळय्या या चांभार शरणाचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मणाची मुलगी यांचा विवाह झाला. त्याबद्दल बिज्जळाने दोन्ही बापांचे डोळे काढवून त्यांना हत्तीच्या पायी बांधून ओढविले, असे परंपरा सांगते. कल्याणची क्रांती त्या रक्तात बुडाली. सातशे वर्षांनी नायगावात तसाच गुन्हा मानला गेला व तशीच शिक्षा ठरली. फरक इतकाच की या वेळी मध्ये एक बाई उभी राहिली, आणि ज्या कायद्याने काशीबाईला काळ्या पाण्यावर धाडले त्याच कायद्याचा धाक तिने या दोघांच्या ढालीसारखा वापरला. कायदा आंधळा असतो हे तिने जवळून पाहिले होते. त्याला वाट दाखवून आपल्या कामाला लावता येते, हेही तिच्या लक्षात आले होते. त्याच १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

जगलेल्या पाचांपैकी एक मुलगा म्हणजे यशवंत. १८७३-७४ च्या सुमारास काशीबाई नावाचीच एक ब्राह्मण विधवा या घरी आली व तिला मुलगा झाला. दोन्ही बायांचे नाव एकच असल्यामुळे पुष्कळ लेखांत त्यांची सरमिसळ होते, आणि काळ्या पाण्यावर गेलेल्या काशीबाईचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला, असे बिनदिक्कत छापले जाते. पहिल्या काशीबाईचा मुलगा विहिरीत गेला. दुसरीचा तिच्यानंतर दहा वर्षांनी जन्मला आणि वाचला. या दोघींच्या मधले अंतर म्हणजेच ते गृह. सावित्रीबाईंनी या मुलाची नाळ कापली आणि त्या दिवसापासून त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविले, याची नोंद जोतीरावांनी १८८७ च्या आपल्या मृत्युपत्रात करून ठेवली आहे. भाऊबंद हक्क सांगायला येतील हे ते ओळखून होते.

विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार, हा प्रश्न पुढे आलाच. सत्यशोधक कार्यकर्ते ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. त्याहून महत्त्वाचे असे की लग्नापूर्वीच ती मुलगी फुल्यांच्या घरी राहायला आली, शिकली, मुलाला ओळखू लागली, आणि मग ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले. नऊ वर्षांची असताना कोणाच्या हाती आपला हात दिला जातो आहे हे न कळता बोहल्यावर उभी राहिलेली सासू सुनेसाठी अशी रीत घालून देते, हे मला त्यांच्या पुष्कळ भाषणांपेक्षा मोठे वाटते.

जोतीरावांना १८८८ साली पक्षाघात झाला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. आपल्याला मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती, त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत पुरण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून पुतण्यांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली. मेलेल्याच्या पुढे मडके धरील तो वारस, असा हा व्यवहार. घरात प्रेत आणि दारात वारसाचा तंटा! सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी टिटवे स्वतः उचलले आणि नवऱ्याच्या अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. विधवेने कोपऱ्यात बसावे असे सांगणाऱ्या शहराने हे पाहिले. पुढे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनीच वाहिली व १८९३ साली सासवडच्या परिषदेचे अध्यक्षस्थानही भूषविले.

तोवर यशवंत डॉक्टर झाला होता. टाकून दिला गेला असता असे पोर लष्करात डॉक्टरकीची नोकरी करीत होते. सून राधा मात्र १८९५ साली वारली. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला. माणसे आजारी लपवू लागली, आणि पुन्हा तोच प्रकार सुरू झाला, लपविणे आणि उशीर. सावित्रीबाईंनी मुलाला बोलावून घेतले आणि गावाबाहेर, हडपसरच्या बाजूस ससाण्यांच्या माळावर, त्याला दवाखाना काढायला लावला. रोग्याला हात लावला की आपल्यालाही तो जडेल अशी साऱ्या शहराला भीती होती. छासष्ट वर्षांच्या बाई रोगी आणायला स्वतः हिंडत होत्या.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा एक मुलगा तापाने पडला होता. उचलून न्यायला कोणी पुढे येईना. सावित्रीबाईंनी त्याला पाठीशी घेतले आणि माळावरच्या दवाखान्यापर्यंत चालत नेले. त्या मुलाचा ताप उतरला आणि तो बरा झाला. सावित्रीबाईंना त्याच्यापासून प्लेग लागला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. शेवटपर्यंत औषधोपचार करायला जवळ यशवंत होता.